इस्त्री आणि ऑर्केस्ट्रा

दिवाळी नुकतीच सरली होती. फराळाच्या डब्यात तळाला चकलीचा चुरा आणि चार शंकरपाळे. अशात 27 ऑक्टोबर 2025 ला स्पॅनिश गायिका रोसालियाचं नवं गाणं आलं.

नाव 'बेर्गहाइन'. हा बर्लिनचा नावाजलेला टेक्नो क्लब, जुन्या वीजकेंद्राच्या इमारतीतला. आत सोडताना मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात. म्हणजे आता धाडधाड बीट, असं गृहीत धरून मी इयरफोन काढले आणि स्पीकर लावला. तिच्या आधीच्या 'मोटोमामी' अल्बमवर तीन वर्षं नाचलेय मी.

सुरू काय झालं? व्हायोलिनं! सगळी एकदम, कुणीतरी मागे लागल्यासारखी. मग भारदस्त कोरस, तोही जर्मनमध्ये. आणि त्यावर आमची बाई ऑपेरातल्यासारखा वरचा सूर लावून गातेय. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "कुणी गेलं का गं?"

गाणं जेमतेम तीन मिनिटांचं. त्यात आइसलँडची गायिका ब्योर्क येऊन देवानेच मधे पडावं असं सांगून जाते आणि शेवटी अमेरिकन गायक यीव्ह ट्यूमरच्या तोंडी बॉक्सर माइक टायसनचं एक अर्वाच्य वाक्य, पुन्हा पुन्हा. मी धावत जाऊन स्पीकर बंद केला.

रागच आला होता. खरं तर 2018 मध्ये फ्लामेंकोच्या, म्हणजे स्पेनच्या पारंपरिक गाण्या-नाचाच्या, सोवळ्यातल्यांनी तिच्या नावाने नाकं मुरडली, तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त हसले होते ती मीच. आता माझंच नाक वाकडं. मैत्रिणीला लिहिलं, "डोक्यावरून गेलं." तिचं उत्तर, "व्हिडिओ बघ."

व्हिडिओत रोसालिया घरात इस्त्री करतेय. आणि त्याच खोलीत आख्खा ऑर्केस्ट्रा दाटीवाटीने बसून जीव तोडून वाजवतोय. हिचं लक्षच नाही. ती बाहेर पडली, तरी वादक आपले मागे.

रविवारी मी कुर्ते काढले. कॉटनचे, त्यामुळे पाण्याचा हबका मारल्याशिवाय चुण्या जात नाहीत. बाहीची एक चुणी मोडावी तर पलीकडच्या बाजूला दुसरी उमटते. हात चालू, आणि डोक्यात सोमवारची मीटिंग, घरमालकाचा फोन, कुणाला तरी द्यायचं राहिलेलं उत्तर. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसणार? बाई इस्त्री करतेय. मी गाणं लावलं. या वेळी व्हायोलिनं मागे लागली तेव्हा दचकले नाही. ती आधीपासून वाजतच होती.

दुसऱ्यांदा लावलं. तिसऱ्यांदाही. टायसनच्या आधी आवाज कमी करायचा नेमका सेकंद आता पाठ झालाय.

अल्बमचं नाव 'लक्स', लॅटिनमध्ये प्रकाश. आईला सांगितलं तर म्हणाली, "साबण ना?" मग दाराशी घुटमळत जरा वेळ ऐकलं तिने. आत गेली आणि कपडे घेऊन आली.

"तुझं ते रडगाणं चालू आहे तोवर माझे दोन ब्लाउजही करून टाक."