शॉर्ट शिफ्टर घ्यायचा, पण कुठला?

आज मित्राच्या फोर्ड मस्टँग जीटीत बसवलेला एमजीडब्ल्यू कंपनीचा शॉर्ट शिफ्टर (गिअर बदलताना कमी अंतर हलवावा लागणारा गिअरचा दांडा) हाताळला आणि डोक्यातला गोंधळ बराच कमी झाला. दुसऱ्यातून तिसऱ्यात खटकन बसतो राव, चाचपडावंच लागत नाही! थ्रो, म्हणजे दांडा हलवायचं अंतर, कमी करायचा म्हणजे पिव्हट (दांडा ज्या बिंदूवर फिरतो तो) वर घ्यायचा, मग हात कमी फिरतो पण जोर जास्त लागतो, त्यात थंडीत गिअर ऑइल घट्ट असलं की अजूनच. पण माझ्या मते मस्टँगच्या एमटी-८२ या मॅन्युअल गिअरबॉक्सला खरा फरक माउंटचा, म्हणजे शिफ्टर ज्यावर घट्ट बसतो त्या आधाराचा, कारण ओरिजिनल शिफ्टर रबर बुशवर बॉडीला अडकवलेला आणि जोरात ॲक्सिलरेटर दाबला की खालचा गिअरबॉक्स हलतो, मग दोघांचा मेळ बसत नाही. कडक माउंटमुळे घरघर केबिनमध्ये येणार, मला ती चालते, बायकोला विचारायचंय. थ्रो बेताचा, माउंट घट्ट, असाच घेणार. कोणी रोजच्या ट्रॅफिकमध्ये वापरत असेल तर नक्की सांगा.