शाळेच्या लायब्ररीत कुठलं पुस्तक येणार, हे ठरवतं कोण?

अमेरिकेतल्या शाळेची लायब्ररियन एखादं पुस्तक विकत घेते, तेव्हा बहुतेकदा ते तिनं वाचलेलं नसतं. ऐकायला विचित्र वाटेल, पण त्यात लपवण्यासारखं काही नाही. मुलांसाठी इथे दरवर्षी हजारो नवी पुस्तकं निघतात. शाळेत लायब्ररियन एकटीच, तीही दिवसभर एकामागून एक वर्गांचे तास घेणारी. वाचणार कधी? मग ती दुसऱ्या कुणीतरी वाचून लिहिलेल्या परीक्षणावर भरवसा ठेवते. आणि हे परीक्षण म्हणजे आपल्याकडे रविवारच्या पुरवणीत लेखकाचा मित्र लिहितो तसलं नव्हे.

मी न्यू जर्सीत राहते. मुलीच्या प्राथमिक शाळेत पालकांना लायब्ररीत मदतीला जाता येतं, तशी मी जाते. काम हमालीचंच. परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची, फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावायची, पहिलीतली पोरं डायनासोर कुठे आहेत म्हणाली की ५६७.९ या विषयक्रमांकाच्या कपाटाकडे बोट दाखवायचं. हे करताकरता लायब्ररियन बाईंच्या टेबलावर काय काय चाललेलं असतं ते दिसत राहतं, आणि मला त्यातच जास्त रस.

टेबलावर 'स्कूल लायब्ररी जर्नल'चे अंक पडलेले असतात. हे १९५४ पासून निघतंय. यातली परीक्षणं बहुतेक करून नोकरीत असलेले लायब्ररियन आणि शिक्षकच लिहितात, तेही नावानिशी. म्हणजे ज्याला उद्या तिसरीच्या वर्गापुढे पुस्तक वाचून दाखवायचंय, त्यानंच ते तपासलेलं असतं. परीक्षण आटोपशीर: कुठल्या इयत्तांसाठी, गोष्ट काय, चित्रं कशी, कुठे लंगडतं, आणि शेवटी एका-दोन ओळींत निवाडा. घ्या, किंवा पैसे शिल्लक असतील तर घ्या, किंवा राहू द्या. 'कर्कस' हेही असंच परीक्षणांचं नियतकालिक, १९३३ मध्ये व्हर्जिनिया कर्कस नावाच्या बाईंनी सुरू केलं. त्यांची युक्ती अशी की प्रकाशकाकडून छपाईआधीची मुद्रितं मागवायची आणि पुस्तक बाजारात येण्याआधीच दुकानदाराला सांगून टाकायचं, की हे ठेव किंवा ठेवू नकोस. तिथली परीक्षणं निनावी असतात आणि बोचरी म्हणून प्रसिद्ध आहेत. 'बुकलिस्ट' अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचं, १९०५ पासूनचं. त्यात शिफारस करण्याजोगं असेल तेच छापायचं अशी रीत, त्यामुळे तिथे नाव येणं हीच शिफारस. बॉस्टनचं 'हॉर्न बुक' १९२४ चं, मुलांच्या पुस्तकांच्या एका दुकानातून जन्मलेलं. पुस्तक फारच आवडलं तर परीक्षणाला तारा मिळतो. प्रकाशक पुढच्या जाहिरातीत तो तारा असा मिरवतात की बास.

लायब्ररियनला मनाला येईल ते घेता येत नाही. स्कूल बोर्डानं, म्हणजे गावातल्या शाळांचा कारभार बघणाऱ्या मंडळानं, मंजूर केलेलं लेखी निवड धोरण असतं. माहिती अचूक हवी, वयाला झेपणारी हवी, वर्गात जे शिकवतात त्याला धरून हवी, आणि गावात जी मुलं आहेत त्यांच्या घरांसारखी घरंही पुस्तकांत दिसायला हवीत. अनेक ठिकाणी आणखी एक अट असते: मान्यवर नियतकालिकांत निदान दोन चांगली परीक्षणं आलेली हवीत. ही अट लक्षात ठेवा, पुढे आपल्या मराठी पुस्तकांचं घोडं तिथेच अडलं.

घरं दिसायला हवीत, या मुद्द्यामागे बराच इतिहास आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात मुलांच्या पुस्तकांचं एक केंद्र आहे. १९८५ मध्ये त्यांनी मोजदाद केली, तर त्या वर्षीच्या सुमारे २,५०० बालपुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची पुस्तकं निघाली फक्त १८. पुढे १९९० मध्ये रुडीन सिम्स बिशप या अभ्यासक बाईंनी लिहिलं, की मुलांना पुस्तकांत स्वतःला पाहायला आरसे हवेत आणि दुसऱ्यांचं जग पाहायला खिडक्या. इथल्या लायब्ररियन मंडळींच्या तोंडी हे आरसे-खिडक्या इतके बसलेत की कधीकधी मला त्याचा कंटाळा येतो. पण १८ हा आकडा आठवला की कंटाळा पळतो.

आपल्या देशी पालकांना यातलं काही ऐकायचं नसतं. त्यांचा प्रश्न ठरलेला: "कितव्या लेव्हलचं आहे?" दुसरीतल्या मुलानं चौथीच्या लेव्हलचं पुस्तक घरी आणलं की आईबाबांच्या चेहऱ्यावर जे तेज चढतं ते बघण्यासारखं असतं. शालेय लायब्ररियनांची राष्ट्रीय संघटना पुस्तकाच्या कण्यावर लेव्हलचं लेबल डकवण्याच्या विरोधात आहे, कारण मग मूल गोष्ट बघत नाही, रंगीत ठिपका बघतं, आणि कुणाचा ठिपका कुठला हे सगळ्या वर्गाला कळतं. आमच्या बाई हे शांतपणे समजावतात. पालक मान डोलावतात आणि पुन्हा विचारतात, "बरं, पण लेव्हल?"

पुस्तकं घेण्याइतकंच काढण्याचंही शास्त्र आहे. टेक्सासच्या राज्य ग्रंथालयानं १९७६ मध्ये एक पुस्तिका काढली. छाटणी कशी करायची याचे तिच्यातले निकष आजही देशभर वापरतात. माहिती दिशाभूल करणारी आहे का, पुस्तक मळकं-फाटकं झालंय का, त्याहून नवी आवृत्ती आलीय का, ते उथळ आहे का, इथल्या मुलांच्या काही कामाचं आहे का, दुसरीकडून सहज मिळेल का. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मी छाटणीला बसले होते. प्लूटोला नववा ग्रह म्हणणारं पुस्तक (२००६ पासून तो ग्रह नाही), सुदान अजून अखंड असलेला ॲटलास (२०११ मध्ये दोन देश झाले), आणि भारतावरचं एक जाडजूड पुस्तक, ज्यात मुंबई अजून बॉम्बे होती आणि अर्ध्या पानभर गारुडी. गारुडी जाताना मला दुःख झालं नाही. पण पुस्तकांचा ढीग रद्दीच्या डब्यात टाकताना हात अडखळला हे खरं. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणारी माणसं आपण. बाई म्हणाल्या, चुकीची माहिती असलेलं पुस्तक दान केलं, तर ती चूक दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाला दान केल्यासारखं होतं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ही छाटणी गुपचूप होते, कुणी ओरडत नाही. ओरड होते ती हरकतीवर.

कुण्या पालकाला पुस्तक खटकलं तर एक फॉर्म भरावा लागतो. तुम्ही पूर्ण पुस्तक वाचलंत का? कुठल्या पानांवर हरकत आहे? शाळेनं काय करावं असं तुम्हाला वाटतं? याऐवजी दुसरं कुठलं पुस्तक सुचवाल? पहिल्या प्रश्नापाशीच बरेच फॉर्म कोरे राहतात, असं ऐकलंय. भरून आलाच तर लायब्ररियन, शिक्षक, प्रशासनातलं कुणी आणि पालक अशी समिती बसते, सगळे ते पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचतात आणि लेखी निर्णय देतात. न्यू जर्सीत डिसेंबर २०२४ मध्ये यावर कायदाच झाला. निवडीचं आणि पुस्तक काढण्याचं लेखी धोरण प्रत्येक बोर्डानं करायचं, निर्णय होईपर्यंत पुस्तक फळीवरच राहणार, आणि सद्‍हेतूनं काम करणाऱ्या लायब्ररियनला कोर्टकचेरीपासून संरक्षण. फ्लोरिडात याच्या बरोबर उलट. २०२३ च्या तिथल्या कायद्यानं ठरवलं, की लैंगिक वर्णनाची हरकत आली तर शाळेच्या पाच दिवसांत पुस्तक आधी उचलायचं, चौकशी मागाहून. पेन अमेरिका या लेखक-संघटनेनं २०२३-२४ च्या शालेय वर्षात देशभर पुस्तक काढल्याच्या १०,०४६ घटना नोंदवल्या. त्यांत फ्लोरिडा आणि आयोवा सर्वांत वर. चौकशीपुरतं बाजूला ठेवलेलं पुस्तकही ते या आकड्यात धरतात, म्हणून विरोधक आकडा फुगवलेला आहे म्हणतात. मला विचाराल तर चौथीतल्या मुलीला हवं असलेलं पुस्तक चौकशी संपेपर्यंत ती सहावीत जाते, तेव्हा तिच्यापुरतं ते गेलंच.

या सगळ्या भांडणाच्या मुळाशी एक जुना खटला आहे. लाँग आयलंडवरच्या आयलंड ट्रीज या स्कूल डिस्ट्रिक्टच्या बोर्डाला आक्षेपार्ह पुस्तकांची एक यादी कुठल्याशा परिषदेत मिळाली, आणि १९७६ मध्ये बोर्डानं त्यावरून लायब्ररीतली पुस्तकं काढायला लावली. स्टीव्हन पिको या विद्यार्थ्यानं इतर काही मुलांसोबत कोर्टात धाव घेतली. १९८२ मध्ये प्रकरण सुप्रीम कोर्टात निकाली निघालं. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलं, की पुस्तकातले विचार पटत नाहीत एवढ्याच कारणावरून बोर्डाला ते लायब्ररीतून काढता येणार नाही. त्या तर्कामागे नऊपैकी पाच न्यायमूर्तींचं बहुमत नव्हतं, त्यामुळे निकालाचं वजन किती यावर वकील आजही वाद घालतात.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. त्याच निकालात ब्रेनन यांनी हेही स्पष्ट केलंय, की लायब्ररीत नवं काय घ्यायचं या बोर्डाच्या अधिकाराला आम्ही हात लावत नाही.

म्हणजे पुस्तक काढलं तर फॉर्म, समिती, वर्तमानपत्रं, कोर्ट. घेतलंच नाही तर? काही नाही. न घेतलेल्या पुस्तकासाठी कुठला फॉर्म नसतो. माझी एक मराठी मैत्रीण टेक्सासात शाळेची लायब्ररियन आहे. तिथे २०२५ च्या कायद्यानं प्रत्येक नव्या पुस्तकाला, अगदी देणगीत आलेल्यालासुद्धा, बोर्डाची मंजुरी लागते आणि यादी आधी तीस दिवस लोकांना बघायला ठेवावी लागते. कागदावर हे छान वाटतं, सगळं उघड, पारदर्शक. ती म्हणते, "अगं, यादी बनवतानाच हात आखडतो. तारे मिळालेलं पुस्तक असतं, माझ्या मुलांना आवडेल हे मला माहीत असतं, आणि तरी मनात येतं, कशाला उगाच. दुसरं घेऊ." ती भित्री नाही. नोकरी आहे, घराचे हप्ते आहेत. कुठल्या पुस्तकापाशी तिचा हात थांबला याची नोंद कुठेच होत नाही, आणि पेन अमेरिकेच्या आकड्यात ते पुस्तक कधी येणार नाही. बंदीवर पोटतिडकीनं बोलणाऱ्या इथल्या मंडळींनी खरेदीच्या यादीवरही थोडं बोलावं, असं मला फार वाटतं.

आता आपलं घोडं. आमच्या गावात मराठी कुटुंबं पुष्कळ. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेतही मुलं जातात. शाळेच्या लायब्ररीला मराठी चित्रपुस्तकं भेट द्यायची टूम निघाली. सगळ्यांना वाटलं, फुकट देतोय, नाही कोण म्हणणार. पण देणगीलाही तेच धोरण लागू. दोन परीक्षणं कुठून आणायची? पुण्या-मुंबईत छापलेलं मराठी पुस्तक 'कर्कस'पर्यंत पोचतच नाही. त्यात कुणाचा आकस नाही, तरी परिणाम व्हायचा तोच होतो. बाईंनीच वाट काढली. धोरणात इतर भाषांतल्या पुस्तकांसाठी जाणकाराचं लेखी मत चालतं असं एक कलम होतं. पुस्तक देणाऱ्या कुटुंबानं नाही, दुसऱ्या कुणीतरी ते वाचून एक पान इंग्रजीत लिहायचं: गोष्ट, वय, चित्रं, आणि खटकलेलं काही.

ते शेवटचं लिहायला आमची माणसं तयार होईनात. आपल्या भाषेचं पुस्तक, परक्यांसमोर त्याला नावं कशी ठेवायची? एका काकूंनी तर "अतिशय संस्कारक्षम" एवढंच लिहून कागद दिला. बाईंनी तो प्रेमानं परत केला. मग हळूहळू लिहिलं गेलं. एका गोष्टीत सावळ्या मुलीला सगळे चिडवतात आणि शेवटी ती गोरी होते, त्या गोष्टीला आम्हीच नकार दिला. एकात यमकांच्या नादात अर्थ पार हरवलेला. एक मात्र असं, की शेतातल्या बुजगावण्याची गोष्ट वाचून मराठी न कळणारी पोरंही चित्रांवर हसली. एवढं मोकळेपणानं मराठी बालपुस्तकांवर मी भारतात असताना कधी बोलले नव्हते. तिथे 'किशोर' यायचा (बालभारती १९७१ पासून काढतेय), तो अधाशासारखा वाचायचा, एवढंच. शाळेच्या काचेच्या कपाटातली पुस्तकं कुणी निवडली, हा प्रश्न आमच्या वर्गात कुणाला पडला नाही, कारण किल्ली कारकुनाकडे असायची. आता समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून सरकारी शाळांना लायब्ररीसाठी वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये मिळतात. त्यात कुठली पुस्तकं येतात आणि ती कोण निवडतं, हे आपापल्या शाळेत विचारून बघा. टाटा ट्रस्ट्सची 'पराग'ची निवडक बालपुस्तकांची यादी २०२० पासून निघते. ती हिंदी-इंग्रजीपासून सुरू झाली. मराठीसाठी अशी नेमानं निघणारी, न घाबरता नाव घेऊन "हे नको" म्हणणारी जागा मला हवी आहे.

मंजूर झालेल्या पुस्तकांना ८९१.४६ हा मराठी साहित्याचा क्रमांक न देता बाईंनी ती चित्रपुस्तकांतच, जागतिक भाषांच्या फळीवर लावली, म्हणजे ती मुलांच्या हाताशी राहतील. पुढची खेप शरद ऋतूत घेणार आहेत. तेव्हा इकडे येणाऱ्या आजी-आजोबांना एक विनंती: पुस्तकं आणाल तर पुठ्ठ्याच्या पक्क्या बांधणीची आणा. मध्ये दोन पिना मारलेली पुस्तकं इथे महिनाभरही टिकत नाहीत, आणि बाई ती घेत नाहीत.