पोर्टर रॉकवेलच्या मागावर, सॉल्ट लेक सिटीत

पोर्टर रॉकवेल म्हणजे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याचा अंगरक्षक. त्याच्या खुणा शोधायला अमेरिकेतल्या यूटात रविवारी निघालो ही पहिली चूक. भाचा म्हणाला होता, "मामा, इथं रविवारी फ्रंटरनर ही लोकल रेल्वे बंद असते." मला वाटलं, गाड्या कमी असतील. एकही नव्हती. शेवटी त्यालाच गाडी काढावी लागली.

आधी सिटी सेमेटरी. शंभरावर एकर, तीही चढावर. कबरीची जागा आधीच नकाशावर हेरून ठेवा, आम्ही तासभर भटकलो. दगडावर रॉकवेलला शूर आणि धर्मनिष्ठ म्हटलंय. मिसुरीचे माजी गव्हर्नर बॉग्ज यांच्यावर 1842 मध्ये गोळी झाडली गेली, त्या संशयावरून हाच माणूस तुरुंगात गेला. तो आरोप काही टिकला नाही. मात्र तुरुंग फोडल्याबद्दल शिक्षा झाली, पाच मिनिटांची!

1843 च्या नाताळात लांब केस-दाढीचा रॉकवेल इलिनॉयमधल्या नॉवूत जोसेफ स्मिथच्या दारी उभा राहिला. केस कापू नकोस, गोळी की पातं तुला काही करणार नाही, असा जणू वरच त्याला स्मिथकडून मिळाला. पुढे कॅलिफोर्नियात स्मिथच्या विधवा भावजयीचे केस तापात गळले, तेव्हा टोपासाठी त्याने स्वतःचे केस कापून दिले. आयुष्यभर वार चुकवणाऱ्याचं हे एवढं मला फार आवडलं. पण म्हणून 1857 चं एकेन प्रकरण, कॅलिफोर्नियाहून आलेल्या प्रवाशांच्या खुनांचं, विसरू नका. त्या खुनांसाठी 1877 मध्ये त्याला अटक झाली, आणि खटल्याआधीच, जून 1878 मध्ये, तो वारला.

दुपारी दक्षिणेला पॉइंट ऑफ द माउंटनला. आधी डेप्युटी मार्शल असलेल्या या माणसाचं इथं हॉटेल आणि बिअरची भट्टी होती, तीही दारू वर्ज्य मानणाऱ्या मॉर्मन मुलखात! आज तिथे पाहण्यासारखं काही उरलं नाही. वारा मात्र टोपी उडवतो. सावली नाही, पाणी सोबत घ्या.

इंग्रज प्रवासी आणि लेखक रिचर्ड बर्टन, मुंबईच्या लष्करात असताना मराठी शिकलेला, 1860 मध्ये त्याला इथल्याच मुलखात भेटला. व्हिस्की झाली, मग रॉकवेलने कॅलिफोर्नियाच्या वाटेसाठी सल्ला दिला: दुनळी बंदूक छर्‍यांनी भरलेली ठेव, चूल पेटवून जेव, आणि अंधार पडला की तिथून उठून दुसरीकडे, विस्तवाशिवाय झोप.

तुम्ही शनिवारी जा. ड्रेपरपर्यंत फ्रंटरनर मिळेल, पुढे टॅक्सी.