वादळात शिरणारी बिनमाणसांची होडी

आज हर्णै बंदरात पावसाळ्यासाठी होड्या शाकारण्याचे काम चालू होते. झापांवर सुंभाच्या गाठी मारणाऱ्या एका तांडेलमामांना मी ‘सेलड्रोन’ नावाच्या बिनमाणसांच्या होड्यांविषयी सांगितले. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘एसडी १०४५’ ही सुमारे ७ मीटर लांबीची मानवरहित होडी अटलांटिक महासागरातील ‘सॅम’ या चौथ्या श्रेणीच्या चक्रीवादळात शिरली, आणि सुमारे ५० फुटी लाटांमध्ये तग धरून तिने आतली दृश्ये व मोजमापे पाठवली.

ती वाऱ्यावर चालते, उपकरणे सौरऊर्जेवर चालतात आणि वादळासाठी तिला मुद्दाम आखूड, भक्कम शीड बसवलेले असते. उपग्रह वादळ वरून पाहतो. परंतु समुद्राच्या पृष्ठभागावरून हवेत किती उष्णता आणि बाष्प जाते, ज्यावर वादळाचा जोर बराच अवलंबून असतो, ते तिथेच जाऊन मोजणे उत्तम. वादळाच्या मार्गापेक्षा त्याच्या जोराचे भाकीत अवघड ठरते, आणि ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’मध्ये आडव्या झालेल्या पोफळीच्या बागा ज्यांनी पाहिल्या, त्यांना या फरकाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

मामांनी मात्र लगेच विचारले, “आमच्या जाळ्यात गुंतली तर भरपाई कोण देणार?” प्रश्न अगदी रास्त आहे, कारण समुद्रात नांगरलेल्या निरीक्षण-तरंडांभोवती (मोजमापे घेणाऱ्या तरंगत्या उपकरणांभोवती) मासे जमतात, तिथे मासेमारी होते आणि उपकरणांची मोडतोडही होते. अशा होड्या अरबी समुद्रात सोडायच्या असतील, तर मच्छीमार सोसायट्यांशी आधी बोलावे, असे मला वाटते.