तुम्ही विचारलंत म्हणून : स्वप्न मोजून काय मिळते?

आधीच होरपळलेल्या माणसाला रात्री पडलेली स्वप्ने रोज सकाळी वहीत मांडायला का लावता, असे मला रुग्णांचे नातेवाईक विचारतात, ओळखीचे विचारतात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत वाढप्याने पोळी वाढता वाढता विचारले. सोलापुरात समुपदेशन करणारा मी जणू खपली काढून जखमेची लांबी-रुंदी घेत बसतो, असा त्या प्रश्नाचा सूर असतो.

स्वप्न कोणालाच मोजता येत नाही. डोक्याला तारा लावून प्रयोगशाळेत झोपवले, तरी दुःस्वप्ने तिथे क्वचितच पडतात. उरते ते माणसाने सांगितलेले. आघातानंतरच्या त्रासासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या 'पीसीएल-५' या २० प्रश्नांच्या कागदावर दुसराच प्रश्न स्वप्नांचा आहे : गेल्या महिन्यात त्यांनी किती छळले, ० ते ४. मात्र महिन्याचा हिशेब आठवून सांगताना आकडा कमी भरतो, रोजच्या नोंदीत तो वाढतो, म्हणून वही. तिच्यात काय दिसले ते लिहायचे नसते, फक्त किती वेळा. (शिवाय 'दुःस्वप्न' हा शब्द आमच्याकडे कोणी बोलत नाही. 'वाईट सपान पडतं का' असे विचारावे लागते, आणि पूर्व भागातल्या काही घरांत तेही कोणीतरी तेलुगूत सांगावे लागते.)

तरीही 'मोजून काय मिळते' हे विचारणाऱ्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही, आणि त्याला कारण साठी ओलांडलेले एक गृहस्थ आहेत. ते किल्लारीजवळच्या एका खेड्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, भूकंपात त्यांच्या घराचे माळवद, म्हणजे मातीचे जड छत, कोसळले. पुढे ते यंत्रमागावर कामाला सोलापुरात आले, पण स्वप्नातले माळवद खाली यायचे थांबले नाही. पहिल्या आठवड्यात त्यांच्या वहीत पाच रात्री होत्या, मग चार, दोन, आणि सहाव्या आठवड्यात शून्य. मी आलेख काढला. नावगाव वगळून तो एका बैठकीत दाखवलाही.

त्यानंतर त्यांची सून एकटीच भेटायला आली. "सर, मामा झोपतच नाहीत. तीनला उठून ओट्यावर बसतात, पार उजाडेपर्यंत."

ज्या झोपेत स्वप्ने जास्त पडतात ती पहाटेकडे लांबत जाते, हे मी स्वतःच लोकांना समजावून सांगत असे. नेमकी तीच झोप ते तोडत होते, आणि ती वेळही भूकंपाचीच होती. पुढच्या भेटीत मी विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही सपान किती ते विचारलं होतं. झोप कुठं विचारली?"

मी बचाव करू शकतो. त्याच त्रासासाठीच्या 'कॅप्स-५' या मुलाखतीत स्वप्नामुळे किती झोप बुडते हेही विचारतात, ते मला ठाऊक होते. पण लांबलचक कागद पाहून माणसे दुसऱ्यांदा येत नाहीत, म्हणून मी तो भाग गाळला होता. कारण खोटे नव्हते. पण घसरत जाणारा आकडा मला आवडलाही होता, हे तेव्हा मी कबूल केले नसते.

आता वहीत झोपेचे तासही लिहायचे असतात. जागेपणी स्वप्नाचा शेवट बदलून तो रोज मनात घोळवायचा, ही पद्धत त्यांच्यासाठी घेतली, तेव्हा त्यांनी माळवदाच्या जागी पत्रा घातला. ते पुन्हा सकाळपर्यंत झोपू लागले, आणि स्वप्ने आठवड्याला तीनवर गेली. पूर्वीच्या मला ही पीछेहाट वाटली असती. आजच्या मला सुधारणा वाटते, पण तेवढी खात्री मला त्या शून्याबद्दलही होती.

त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले आहे : सपान एक, झोप पाच तास, पत्रा वाजला. त्या रात्री सोलापुरात पाऊस होता आणि त्यांच्या खोलीवर पत्राच आहे. तो आवाज आतला की बाहेरचा, हे मी त्यांना अजून विचारलेले नाही.