अस्तराखालचा दुसरा ठसा

लंडनमधल्या आमच्या कागद-संवर्धन कार्यशाळेत जुना इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरे याची छापील व्यंगचित्रे अधूनमधून येतात. बहुतेक वेळा जुन्या चिकटपट्टीचे डाग काढून आणि आम्लयुक्त पुठ्ठा बदलून काम संपते. मागच्या महिन्यात आलेले चित्र मात्र अजून डोक्यातून जात नाही.

ते होते जुलै १७९२ मधले प्रिन्स ऑफ वेल्सचे, म्हणजे पुढे चौथा जॉर्ज झालेल्या युवराजाचे प्रसिद्ध चित्र. जेवण उरकून तो काट्याने दात कोरत खुर्चीत रेलला आहे, खुर्चीखाली रिकाम्या बाटल्या पडल्या आहेत आणि मागे भरून वाहणाऱ्या मूत्रपात्राखाली न फेडलेली बिले दाबून ठेवली आहेत. विकणाऱ्याने ते 'मूळ रंगीत प्रत' म्हणून दिले होते.

कागदाच्या पाठीला अस्तर चिकटवलेले होते. समोरचे जलरंग पाण्याने पसरण्याची भीती असल्यामुळे चित्र पालथे घालून मी अस्तरावर मिथाइल सेल्युलोजचा, म्हणजे ओल धरून हळूहळू सोडणाऱ्या घट्ट जेलीचा लेप बोटभर रुंदीच्या पट्ट्यांत लावत गेले, आणि आतली खळ मऊ पडेल तसे अस्तर चिमट्याने आडवे ओढून सोडवले. हे काम घाईने करणाऱ्याने या व्यवसायात येऊच नये. तिसऱ्या पट्टीखाली शाईच्या रेषा दिसू लागल्या आणि संध्याकाळपर्यंत पाठीवर दुसऱ्याच एका चित्राचा पूर्ण ठसा उघडा पडला.

गिलरेच्या हयातीत त्याची प्रकाशिका हॅना हम्फ्री प्रत्येक चित्र सुट्या कागदावर एकाच बाजूने छापून विकत असे. गिलरे १८१५ मध्ये वारला. पुढे हेन्री बोन या प्रकाशकाने त्याने चित्रे कोरलेले तांब्याचे छपाईचे पत्रे मिळवून १८५१ मध्ये त्यांचे ठसे जाड कागदाच्या दोन्ही बाजूंना, बिनरंगी छापले. म्हणजे समोरच्या रेषा गिलरेच्याच पत्र्यावरच्या, कागद त्याच्या मृत्यूनंतरचा आणि रंग त्याहूनही नंतर कोणीतरी भरलेले. पाठीवरचा पुरावा झाकण्यासाठीच ते अस्तर लावले होते याविषयी मला शंका नाही. बोनचे ठसे बोनचे म्हणूनच विकले तरी त्यांना गिऱ्हाईक मिळते, म्हणून या लबाडीचा मला अधिक राग येतो.

अस्तर परत चिकटवून द्यावे, असे एका सहकाऱ्याने सुचवले. त्याच्या मते आपले काम कागद वाचवण्याचे आहे, व्यवहार तपासण्याचे नाही. मला ते मुळीच पटले नाही. चित्राच्या मालकीणबाईंना मी दोन्ही बाजू दाखवल्या. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग खोटे रंग धुऊन टाका म्हणाल्या. मी नकार दिला, कारण रंग भरणारा हात सराईत होता आणि तो थरही आता या कागदाच्या इतिहासात जमा झाला आहे. तरीही युवराजाच्या गालांवरची ती लाली पाहिली की त्यांचे म्हणणे मला पुन्हा आठवते. अहवालात १८५१ चा ठसा, रंग नंतरचे, अस्तर काढले, असे लिहून चित्र दोन्ही बाजूंनी खिडकी असलेल्या माउंटमध्ये, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीत, बसवून दिले आहे.