थंड पाण्यातली जखम आणि परवानगीचा एक रकाना

सॅमनच्या जखमा थंड पाण्यात कशा भरतात, यावर मी नॉर्वेत ट्रॉम्सोला काम करते. वर्सोव्याला मत्स्यविज्ञान शिकून इकडे यायच्या तयारीतली मुलं नेहमी विचारतात, प्रयोगाची परवानगी कशी काढलीत? सक्तीचा प्रशिक्षण कोर्स, टाक्यांचं बुकिंग, मार्गदर्शकांची सही, सगळं वेळच्या वेळी झालं. घोडं अडलं ते अर्जातल्या एका रकान्यापाशी. त्याची चीड अजून गेलेली नाही.

इथे प्रयोगातल्या माशालाही उंदरासारखंच कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं. युरोपीय संघाच्या 2010 च्या निर्देशावर बेतलेला नियम नॉर्वेत 2015 मध्ये आला. अर्ज परिपूर्ण असेल तर कामाच्या 40 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. पण परवानगी देणाऱ्या कार्यालयाने एखादी शंका काढली की अर्ज अपुरा ठरतो, आणि ते 40 दिवस सुरूच होत नाहीत. आमचं तेच होत राहिलं.

प्रयोग साधा होता. भूल दिलेल्या माशाच्या कातडीचा 5 मिमी व्यासाचा गोल तुकडा काढायचा आणि 4 अंश व 12 अंश सेल्सिअसच्या पाण्यात जखम कशी भरते ते बघायचं. इथल्या मत्स्यशेतीत हिवाळी व्रण ही मोठी डोकेदुखी आहे. पाणी गार झालं की मोरिटेला विस्कोसा हा जिवाणू जोर धरतो, आणि जिथे खवले निघालेत तिथे व्रण पार स्नायूपर्यंत जातो. थंड टाकी हाच आमच्या कामाचा गाभा होता.

तो रकाना होता मासा कोणत्या टप्प्यावर प्रयोगातून काढून वेदना न होता मारायचा, याचा. आम्ही लक्षणं लिहिली होती. कार्यालयाकडून उत्तर आलं: 14 दिवसांत जखम बंद झाली नाही, तर मासा काढावा. दोन्ही टाक्यांना तोच नियम! थंड पाण्यात जखम सावकाश भरते, त्यामुळे तो मान्य केला असता तर थंड टाकीतले मासे जखम भरण्याआधीच मारावे लागले असते. त्यांचे जीव घेऊन हाती काहीच लागलं नसतं, आणि प्राण्यांच्या हितासाठी केलेला नियम त्यांच्यावरच उलटला असता.

आम्ही सविस्तर खुलासा पाठवला. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, माशाच्या मात्र अगदी वरच्या पेशीही जिवंत असतात आणि त्यांच्यावर बुळबुळीत श्लेष्माचं आवरण असतं. जखम झाली की कडेच्या पेशी खपलीची वाट न बघता सरकायला लागतात आणि आधी वरून पातळ पडदा धरतात. खालची कातडी, खवले, रंग हे सगळं मागाहून येतं. 4 अंशांच्या टाकीतला मासा हातात धरून बघा: खळगा तसाच असतो, तळाशी लालसर स्नायू दिसतो, पण भिंग लावलं की त्यावर करडी, ओलसर साय दिसते. नुसत्या डोळ्यांना ती जखम उघडीच वाटते. म्हणून ‘बंद’ म्हणजे नक्की काय बघायचं, हे आम्ही विचारलं. पुन्हा वाट पाहणं. पुन्हा एका ओळीचा प्रश्न: मग किती दिवस?

शेवटी मी दिवसांना तापमानाने गुणलं. 12 अंशांत 14 दिवस म्हणजे 168 अंश-दिवस. तेवढेच अंश-दिवस 4 अंशांत भरायला 42 दिवस लागतात. हा हिशोब ढोबळ आहे, जखम काही गणिताबरहुकूम भरत नाही, पण मत्स्यशेतीत ही भाषा सगळ्यांच्या सवयीची आहे. सोबत तक्ता जोडला: लाली कडेबाहेर पसरली, छेद मोठा झाला, माशाने खाणं टाकलं, तो तळाशी किंवा कडेला पडून राहिला, तर मुदत न बघता त्याच दिवशी काढायचा. यातलं शेवटचं लक्षण गंभीर, कारण समुद्राचं पाणी माशाच्या रक्तापेक्षा कितीतरी खारट असतं, आणि उघड्या जखमेतून शरीरातलं पाणी बाहेर खेचलं जाऊन मासा गळून जातो. यावर मंजुरी आली. तो तक्ता आमच्या गटात आता दुसरेही वापरतात, याचा मला अभिमान आहे.

तेव्हा हा तक्ता पहिल्याच अर्जात घाला, प्रत्येक तापमानासाठी वेगळा. आणि हो, जाळं बिनगाठीचं लागेल हेही अर्जातच लिहा. गाठींनी खवले निघतात, मग तुमच्या छेदाशिवायच्या जखमाही मोजत बसाल. हातमोजे आधी ओले करायचे, कोरडा हात लागला की श्लेष्म निघून येतो. सामान्य वाचकांसाठीचा सारांश आम्ही नॉर्वेजियन सहकाऱ्याकडून लिहून घेतला. तो जाहीर होतो, त्यामुळे शेवटच्या रात्रीवर ढकलू नका. माशांची संख्या कशी ठरवली, याचं संख्याशास्त्रीय गणित मात्र आमच्याकडे कोणी परत विचारलं नाही. ते नीट मांडलेलं असलं की पुरतं.